सतरा नंबरचा सर्जन

१

"सतरा नंबरचा सर्जन माणसं मारतो आहे," संचालक म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

वाईट बातमी चहाबरोबर द्यायची त्यांची जुनी सवय आहे. मी कर्करोग नोंदणी कार्यालयात तपासनीस आहे. चाळीस रुग्णालयांत कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक माणसाची नोंद आमच्याकडे येते. गाठ कुठे होती, ती कशी काढली, माणूस चालत घरी गेला की नाही, सगळं. हजारो माणसांची माहिती एकत्र ठेवली की एकेकट्या डॉक्टरला जन्मभरात दिसणार नाही ते दिसतं, असा आमचा दावा असतो, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. पण आलेल्या नोंदी खऱ्या आहेत का, हे कुणीतरी जागेवर जाऊन पाहावं लागतं. ते काम माझं. कार्यालयात माझ्या पाठीमागे मला 'चाळणी' म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी माझी हरकत नाही.

या वेळचा अभ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा होता. हे ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. जुनी तऱ्हा पोट उघडून करायची. नवी तऱ्हा दुर्बिणीची, म्हणजे पोटाला चार-पाच लहान छिद्रं पाडून, आत दुर्बीण घालून. आमचा निकाल डोळे दिपवणारा होता. दुर्बिणीने केलेल्या शंभरांत एखादाच महिन्याच्या आत दगावला होता, पोट उघडून केलेल्या शंभरांत सहा. हा अहवाल लवकरच सगळीकडे जाणार होता आणि 'शक्य तिथे दुर्बीणच वापरा' असं त्यात ठणकावून लिहिलेलं होतं.

सर्जनांची नावं झाकून आम्ही त्यांना नंबर देतो. यादीच्या तळाशी सतरा नंबर होता. त्याच्या हातून शंभरात बारा माणसं गेली होती. त्याच्याच रुग्णालयातल्या एकतीस नंबरच्या हातून तीन वर्षांत एकही नाही.

"मृत्यू खरे आहेत का, एवढंच पाहून या," संचालक म्हणाले. "शुक्रवारपर्यंत. मग मी त्याचं ऑपरेशन थिएटर बंद करायचं पत्र लिहितो."

त्यांनी बंद पाकीट दिलं. आतलं नाव वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला. पुढच्या सोमवारी माझ्या ताईचं पोट हाच माणूस उघडणार होता.

मी ते तिथल्या तिथे सांगून टाकलं आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणाले. संचालक म्हणाले, दुसरं आहे कोण? आणि स्वतःची ताई आहे म्हटल्यावर तुम्ही दुप्पट बारीक बघाल.

२

रुग्णालयात सतरा नंबरला सगळे 'मोठे सर' म्हणत. खोली मात्र लहान होती. टेबलावर पोचे आलेला एक थर्मास. सर चहा घेत नाहीत, नुसतं गरम पाणी पितात, आणि समोरच्याला काय हवंय ते विचारत नाहीत. मलाही एक पेलाभर गरम पाणी मिळालं.

मी आकडे पुढे ठेवले. अशा वेळी सर्जन काय करतात ते मला पाठ आहे. आमच्याकडे मुळात खंगलेलीच माणसं येतात म्हणतात, नाहीतर नर्सना बोल लावतात, नाहीतर आमच्या कार्यालयाची अक्कल काढतात. यांनी चष्मा लावून कागद शांतपणे वाचला आणि परत दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"आकडा. मृत्यू माझ्या नावावर आहेत म्हणजे माझेच."

एवढी माणसं का गेली, असं विचारलं तर म्हणाले, काही आतडी ऐकत नाहीत. ऑपरेशनला सोबत कोण असतं, असं विचारलं तर उठून खिडकी लावून आले. मी चिवट आहे, पण हा माणूस भिंतीसारखा होता. शेवटी त्यांनीच मला एक प्रश्न विचारला.

"यात आणखी कुणाला ओढणार नाही ना तुम्ही?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात कुसळासारखा रुतला. निर्दोष माणूस आधी स्वतःला वाचवतो, आणि दोषी माणूसही तेच करतो. हा तिसऱ्यालाच वाचवायला निघाला होता.

मग मी कुणाची बहीण आहे ते सांगितलं. त्यांना ताई लगेच आठवली. गाठ आतड्याच्या अगदी खालच्या टोकाशी आहे, मागे चिकटल्यासारखी वाटते, पोट उघडूनच करेन, म्हणाले. आणि पुढे अगदी सहज म्हणाले की तुम्हाला त्यांना दुसऱ्या कुणाकडे न्यायचं असेल तर जरूर न्या, माझ्या मनाला लागणार नाही.

जिन्यातच ताईचा फोन आला. ताई मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तरी आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानावरचाच आहे.

"अगं, इथे त्या छोट्या मॅडम आहेत ना, त्या म्हणतात दुर्बिणीनंही होईल," ती म्हणाली. "तुझ्याकडे म्हणे हजारो माणसांचा हिशेब आहे. मग सांग, कुणाच्या हाती पोट देऊ? शुक्रवारी मला त्यांना कळवायचंय."

आमचा हिशेब म्हणत होता, छोट्या मॅडम. त्याच एकतीस नंबर, हे मी कार्यालयातल्या यादीत पाहिलं होतं.

३

छोट्या मॅडम खरंच छोट्या होत्या. थिएटरमध्ये पायाखाली लाकडी पाट घेऊन उभ्या राहतात, असं त्यांनीच हसत सांगितलं. बोटं लांब आणि स्थिर. तीन वर्षांत तुमच्या नावावर एकही मृत्यू नाही, असं मी म्हणताच हसू गेलं आणि त्या बोटांनी पेनाचं टोपण काढायला-लावायला सुरुवात केली.

कौतुक केल्यावर एवढं अवघडलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

त्या मोठ्या सरांचीच विद्यार्थिनी. सरांचं नाव निघालं की थांबत नव्हत्या. सरांसारखा हात नाही, सरांसारखा धीर नाही. मी मुद्दामच खडा टाकला की तुमचे सर आमच्या यादीत सगळ्यांत खाली आहेत. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ते चुकीचं आहे," त्या म्हणाल्या.

"सर स्वतः बरोबर आहे म्हणतात."

मी विचारलं, दुर्बिणीने करताना कधी अडकायला होत नाही का? अडकतं की, त्या म्हणाल्या, सगळ्यांचंच अडकतं, पण सर असतात ना. एवढं बोलून त्या एकदम थांबल्या, वॉर्डात जायचंय म्हणाल्या, आणि टोपण टेबलावर विसरून निघून गेल्या.

मला वास लागला होता. आपले मेलेले रोगी कुणीतरी दुसऱ्याच्या नावावर चढवत होतं का? नोंदी भरणाऱ्या सिस्टरना गाठलं. वीस वर्षांची नोकरी, कडक इस्त्रीची साडी आणि तितकाच कडक स्वभाव. कुणी सांगितलं म्हणून तुम्ही नाव बदललंत का, असं मी विचारलं मात्र, त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"मॅडम, मी इथे कुणाची मिंधी नाही. ऑपरेशनचा कागद येतो, त्यावर जे असतं ते भरते. कागद डॉक्टर लिहितात. जो पोट शिवतो, तो कागद लिहितो. इथे पहिल्यापासून असंच आहे."

त्या खरं बोलत होत्या. तीन तास मी कागद आणि नोंदी ताडून पाहिल्या. नाव सरांचं, सही सरांची, अक्षर सरांचं, आणि प्रत्येक कागदावर 'पोट उघडून' असं स्वच्छ लिहिलेलं. कुठे खाडाखोड नाही. मृत्यूही खरे. संचालकांनी सांगितलेलं काम संपलं होतं. सरळ परत जाऊन पत्राचा मसुदा करायला हरकत नव्हती.

पण तो प्रश्न रुतलेलाच होता. सरांना वाचवायचं होतं कुणाला? मेलेली माणसं मला काही सांगणार नव्हती, म्हणून मी जिवंत असलेल्यांकडे जायचं ठरवलं.

४

सरांच्या यादीतून मी एक कुलपं दुरुस्त करणारा कारागीर निवडला. त्याचं दुकान रुग्णालयापासून जवळच होतं. दुकान कसलं, दोन दारांच्या मधली फट होती ती. भिंतभर किल्ल्या लटकत होत्या. माणूस बोलका. मी कुठून आले ते कळताच त्याने स्टूल पुसून दिलं आणि मोठ्या सरांचं गुणगान सुरू केलं. देवमाणूस, म्हणाला. मरता मरता वाचवलं.

आमच्या नोंदीत याचं ऑपरेशन सतरा नंबरने, पोट उघडून केलेलं होतं. व्रण दाखवाल का, असं मी भीतभीतच विचारलं. त्याने शर्ट वर केला. लाजणं-बिजणं काही नाही, उलट पदक दाखवावं तसं दाखवलं.

बेंबीच्या वरून खाली गेलेला लांबलचक व्रण होता. पोट उघडलं होतं, यात शंका नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी काहीतरी होतं. उजवीकडे दोन, डावीकडे एक, बोटाच्या पेराएवढ्या लहान गुळगुळीत खुणा.

"ह्या कसल्या?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. नळ्या-बिळ्या घातल्या असतील." मग त्याला काही आठवलं. "एक गंमत सांगू का, मॅडम? मला झोपवलं तेव्हा डोळ्यांसमोर त्या छोट्या डॉक्टरीणबाई होत्या. जाग आली तेव्हा मोठे सर. मी बायकोला म्हटलं, अगं, झोपेत डॉक्टर बदलला माझा."

तो खो खो हसला. मी हसले नाही. नळी बसवायची तर एक छिद्र पुरतं, फार तर दोन. तीन छिद्रं, आणि तीही अशी कोनांत मांडलेली, दुर्बीण आणि तिच्या लांब चिमट्यांसाठीच पाडतात; बाकीची एखाद-दोन लांब व्रणात गेली असणार.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला दुर्बिणीची छिद्रं कशाला लागली होती?

त्या दिवशी मी आणखी चार घरांच्या पायऱ्या चढले. एका आजींनी तर मला दारातूनच परत पाठवलं. बाकी तिघांपैकी दोघांच्या पोटावर त्याच खुणा होत्या.

५

ताईच्या स्वयंपाकघरात बसून मी हे सगळं तिला सांगितलं. सांगायला नको होतं हे कळत होतं, पण पोट तिचं होतं.

माझा तर्क असा होता की छोट्या मॅडम ऑपरेशन बिघडवतात, मग सरांना पुढे करतात आणि नाव त्यांच्या माथी मारतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. ताईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि मुलांच्या उत्तरपत्रिकेवर मारावी तशी माझ्या तर्कावर फुली मारली.

"बिघडवतात कशावरून? अडकल्यावर थांबून मोठ्याला हाक मारणं म्हणजे बिघडवणं नव्हे. शहाणपणा आहे तो."

"मग माणसं मेली कशी?"

"अवघड होतं म्हणून अडकलं, अडकलं म्हणून उघडलं. अवघड होतं म्हणूनच काही गेली." तिने निवडलेल्या भाजीची पाटी बाजूला केली. "आमच्या गावाबाहेर एक शाळा होती, आठवते? दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. पेपरात फोटो, सत्कार. ते काय करायचे, तर नववीत कच्ची निघालेली पोरं माझ्या शाळेत पाठवायचे. ती माझ्याकडे नापास व्हायची. निकाल त्यांचा चांगला लागायचा, माझा पडायचा. त्यांचे मास्तर हुशार होते म्हणून नव्हे, अन् माझे गाढव होते म्हणून तर मुळीच नव्हे."

ती म्हणत होती ते एका रुग्णालयाचं नव्हतं. जो पोट शिवतो तो कागद लिहितो, आणि कागदावर जे असतं ते सिस्टर भरते. ही पद्धत इतर ठिकाणीही असली, तर दुर्बिणीने सुरू होऊन मध्येच अडकलेलं प्रत्येक ऑपरेशन आमच्याकडे 'पोट उघडून' असंच येत होतं. अवघड माणसं वजा होऊन दुर्बिणीच्या वाट्याला नुसती सोपी उरत होती. म्हणजे आमचा निकाल शंभर टक्के लागणारच.

त्या निकालावर विसंबून चाळीस रुग्णालयांतली माणसं दुर्बीण मागणार होती. ज्यांची गाठ खोलात चिकटलेली आहे तीसुद्धा. माझ्या ताईसारखी. मला संताप आला, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःच्या कार्यालयावर होता.

जिवंत माणसांचे व्रण पाहिले होते. मेलेल्यांचे कुठे पाहणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा सिस्टरांकडे गेले. दुर्बिणीतून दिसणारं सगळं यंत्रात आपोआप साठतं आणि कुणी पुसल्याशिवाय जात नाही, असं त्यांच्याकडून कळलं. माझं म्हणणं ऐकून त्या किल्ली घेऊन स्वतःच पुढे झाल्या. सरांच्या नावावरच्या मृत्यूंच्या तारखा आणि यंत्रातलं चित्रण आम्ही दोघींनी मिळून जुळवलं. दोन सोडून बाकी सगळ्यांचं चित्रण होतं. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनचं, दुर्बिणीतून. सुरुवात करणाऱ्यांत छोट्या मॅडम होत्या आणि दुसरेही तीन तरुण सर्जन होते.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. "मी वीस वर्षं बरोबर भरते आहे," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हो, तुम्ही बरोबरच भरलंत.

मग चूक केली कुणी?

६

आमच्या कार्यालयात आकडे पाहणाऱ्याला आम्ही 'आकडेमास्तर' म्हणतो. बिचाऱ्याने रुग्णालय आतून कधी पाहिलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण हाकतो प्रामाणिकपणे. ऑपरेशन सुरू कसं झालं आणि संपलं कसं, हे आपण वेगवेगळं का विचारत नाही, असं मी त्याला विचारलं.

"पूर्वी विचारायचो," तो म्हणाला. "सुरुवातीचा रकाना होता. चार वर्षांपूर्वी काढून टाकला."

कुणी काढायला लावला?

रकाने ठरवायला एक समिती बसली होती, तिच्यातल्या एका सर्जनने. फॉर्म फार लांब झालाय, सिस्टर लोक वैतागतात, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. नाव? आकडेमास्तर ओशाळला. त्याच्या लक्षात आकडे राहतात, माणसं राहत नाहीत. मी बसवून ठेवलं. चेहरा आठव, कपडे आठव, काहीही आठव. त्याने डोळे मिटले.

"चहा नको म्हणाला," तो शेवटी म्हणाला. "पोचे आलेला थर्मास घेऊन आला होता. आणि न विचारता मलासुद्धा गरम पाणी दिलं."

तासाभरात मी मोठ्या सरांच्या खोलीत होते. छोट्या मॅडमही तिथेच होत्या. त्या उठून जाऊ लागल्या, मी त्यांना बसा म्हणाले.

मी सगळं क्रमाने मांडलं. कुलपवाल्याच्या पोटावरच्या खुणा, शिवणाऱ्याने लिहायची पद्धत, यंत्रातलं चित्रण, काढून टाकलेला रकाना. संन्याशाला कुणी फाशी दिली नव्हती. तो स्वतःच फासापाशी जाऊन उभा राहिला होता. सरांनी नाकारलं नाही. थर्मास उघडला, पण पाणी ओतलं नाही.

"माझ्या हाताखाली एक मुलगा होता," ते म्हणाले. "हुशार. दुर्बिणीने करताना अडकला. मी शेजारच्या थिएटरमध्ये होतो. पण मध्येच पोट उघडलं तर ते त्याच्या नावावर अपयश म्हणून लागणार होतं, तुमच्या त्या रकान्यात. म्हणून तो लढत बसला. मला हाक मारली तेव्हा टेबलावर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा सर्जरी सोडून गेला. मग मी ठरवलं, हाक मारणं स्वस्त करायचं. तो रकानाच काढायला लावला. मी जाऊन उघडायचो, मी शिवायचो, मी लिहायचो. या मुलांना भीती राहिली नाही. वेळेवर हाक मारायला लागली. किती माणसं वाचली, ती तुमच्या यादीत नाहीत."

छोट्या मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. या माणसाने आपलं नाव उशीसारखं पोरांच्या डोक्याखाली दिलं होतं. पण मला ताई दिसत होती, आणि तिच्यामागे न पाहिलेली पुष्कळ माणसं.

"सर, तुम्ही स्वतःच्या पदरचं दिलंत असं तुम्हाला वाटतं," मी म्हणाले. "पण ते तुमच्या एकट्याच्या पदरचं नव्हतं. रकाना चाळीस रुग्णालयांतून गेला. दुर्बिणीने शंभरात एकच जातो, असं आम्ही आता सगळ्यांना छापून सांगणार आहोत. ज्याची गाठ खोलात चिकटली आहे तो माणूस त्यावर विश्वास ठेवून सही करणार. त्याला कुणी विचारलं का, की तुझ्या जिवावर या पोरांची भीड ठेवू का म्हणून?"

सरांनी चष्मा काढला. आपला रकाना एवढा दूर गेला असेल हे त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. त्यांना फक्त आपल्या थिएटरातली पोरं दिसत होती.

बोलल्या त्या छोट्या मॅडम. "मला वाटायचं, तिकडे कुणीतरी दोन्ही लिहीत असेल. मग तसं वाटेनासं झालं, पण मी विचारलं नाही. बरं वाटत होतं." त्यांनी डोळे पुसले. "माझी जी आहेत ती माझ्या नावावर लावा. सगळी."

७

शुक्रवारी मी संचालकांपुढे कागद ठेवला. सतरा नंबर दोषी नाही. दोष आपल्या नोंदणीचा आहे. आणि नोंदणीत हा दोष घालणारा सतरा नंबरच आहे.

संचालकांनी तो दोनदा वाचला. अहवालाची घोषणा झाली आहे, पाहुणे ठरले आहेत, आता माघार घेतली तर शोभा होईल, म्हणाले. मी म्हणाले, होऊ दे. चाळीसही ठिकाणी यंत्रातलं चित्रण आणि नोंदी ताडून झाल्याशिवाय अहवालावर तपासनिसाची सही मिळणार नाही, आणि सहीशिवाय तो निघत नाही हा तुमचाच नियम आहे. सुरुवातीचा रकाना परत येईल. शेजारी आणखी एक रकाना येईल, मदतीला हाक मारली का. तो अपयशात धरायचा नाही, हे वर ठळक लिहायचं. संचालकांनी चहा मागवला, दोन कप. तेव्हा मला कळलं की जमलं.

सरांना रकाने ठरवणाऱ्या समितीवरून काढलं. थिएटरवरून काढलं नाही. पहिल्या बारा रुग्णालयांचं ताडून झालं तेव्हा दोन्ही तऱ्हांचे आकडे जवळजवळ शेजारी येऊन बसले. खोल, चिकटलेल्या गाठींना दुर्बिणीने हात घालणं मात्र महागात पडत होतं. पण हे सगळं नंतर. ताईला उत्तर त्याच शुक्रवारी हवं होतं, आणि तोवर माझ्याकडे होता तो फक्त एका रुग्णालयाचा हिशेब. तो तिला जसाच्या तसा सांगितला.

"यात विचार काय करायचा," ती म्हणाली. "अडकल्यावर सगळे ज्याला बोलावतात, त्याच्याकडे आधीच गेलेलं बरं."

सोमवारी तिला आत नेताना मोठे सर दारातच होते. ताईने त्यांना थांबवलं. मला वाटलं, आता घाबरली.

"डॉक्टर, माझा जो काय निकाल लागेल तो खरा लावायचा," ती म्हणाली. "दयेचे गुण मला चालत नाहीत. मी कुणाला दिलेही नाहीत."

सर म्हणाले, बरं बाई.

बाहेरच्या बाकावर मी बसले आणि हजारो माणसांचे आकडे किती निरुपयोगी असतात ते मला कळलं. आत एकच माणूस होतं. सांगितलेली वेळ उलटून गेली. एक नर्स घाईने बाहेर आली आणि शेजारच्या थिएटरमध्ये शिरली. तिच्यामागून छोट्या मॅडम जवळजवळ धावत ताईच्या थिएटरात गेल्या. त्यांच्यामागून एक जण त्यांचा लाकडी पाट घेऊन गेला. मी उभी राहिले आणि मग पुन्हा बसले.

बऱ्याच वेळाने दोघं बरोबरच बाहेर आली. सरांचा चेहरा थकून राखाडी झाला होता. ताई ठीक आहे, गाठ पूर्ण निघाली, म्हणाले. खोलात, हाडाच्या मागे रक्त सुटलं होतं आणि ते कुठून येतंय ते त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेना. छोट्या मॅडमनी तिथे दुर्बीण उतरवली आणि जागा सापडली. पोटही त्यांनीच शिवलं.

नोंदी भरणाऱ्या सिस्टर नव्या रकान्यांचा कागद घेऊन तिथेच उभ्या होत्या; तो मी शनिवारीच पोचवला होता. शिवलं छोट्या मॅडमनी, म्हणजे पद्धतीप्रमाणे कागद त्यांचा, आणि नावही. मॅडमनी पेन काढलं आणि सरांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांनी सरांसाठी काहीही लिहिलं असतं.

सरांनी पेन त्यांच्या हातातून घेतलं. सुरुवात कुणी केली, तिथे स्वतःचं नाव लिहिलं. शेवट कुणी केला, तिथे त्यांचं. मग नव्या रकान्यापाशी आले. मदतीला हाक मारली का? या मुलांसाठी चार वर्षं ज्या माणसाने हाक स्वस्त केली होती, त्याने स्वतः ती कधी मारली नव्हती. हात क्षणभर थांबला.

"हो," ते मोठ्याने म्हणाले आणि तसंच लिहिलं. "मी मारली."

मग त्यांनी थर्मास उघडला आणि न विचारता मला पेलाभर गरम पाणी दिलं. मी ते सगळं प्यायले.